वनस्पतींतून बाहेर पडणारे वायू आणि भोवतालची परिस्थिती

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला विषय. त्याचे आपल्याला काय? परंतु या विषयाचा संबंध आपल्या ताटातल्या भाताशी आहे. तो भात पिकविणाऱ्या माणसाशी आहे. आणि जगाच्या दरबारात त्या माणसावर एकदा जो आरोप ठेवला गेला, त्या आरोपाशीही आहे. म्हणून शास्त्राची थोडी वाट चालून आपण त्या आरोपापर्यंत जाऊ या.

शाळेत आपण सर्वांनी एक वाक्य पाठ केलेले आहे : झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात आणि प्राणवायू सोडतात. हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. झाड प्राणवायू सोडते ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करीत असताना. उजेड नसेल तर ते काम थांबते. श्वसन मात्र दिवसरात्र चालू असते आणि त्यात झाडही आपल्यासारखाच प्राणवायू घेते व कार्बन डायऑक्साइड सोडते. पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो, असे आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. निवडुंग किंवा अननस यांसारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन तो साठवितात हे खरे; पण प्राणवायू त्यादेखील उजेड असल्याशिवाय सोडीत नाहीत. पिंपळाविषयी आदर बाळगायला या चुकीच्या समजुतीची गरज नाही.

या साध्या उदाहरणातच आजच्या विषयाचे सूत्र आहे. झाड तेच, पान तेच. पण उजेड आहे की अंधार, एवढ्यावरून त्यातून कोणता वायू बाहेर पडणार हे ठरते. कोणता वायू, किती आणि केव्हा, हे नुसत्या वनस्पतीच्या नावावरून सांगता येत नाही. तिच्या भोवतालचे ऊन, पाणी, माती आणि हवा विचारात घ्यावी लागते.

आढीतला आंबा आणि उन्हातले झाड

आणखी दोन वायूंची ओळख करून घेऊ. पहिला इथिलीन. आंब्याची आढी आपण सर्वांनी पाहिली आहे. कैऱ्या पेंढ्यात घालून झाकून ठेवतात आणि काही दिवसांनी त्या पिकतात. पिकणारे फळ स्वतःच इथिलीन वायू सोडते, आणि तो वायू शेजारच्या फळालाही पिकण्याचा इशारा देतो. पिकलेली सफरचंदे हा वायू सोडतात हे इंग्लंडमध्ये १९३४ साली रासायनिक रीतीने सिद्ध झाले. आपल्या आजी-आजोबांना वायूचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा उपयोग ठाऊक होता. पेंढ्यात ऊब राहते, वायू कोंडून राहतो, म्हणून फळ लवकर पिकते. तेच फळ थंड व मोकळ्या हवेच्या जागी ठेवले तर पिकणे लांबते. इथेही फळ तेच, परिस्थिती निराळी. या इथिलीनची आपल्याला पुढे भाताच्या मुळाशी पुन्हा गाठ पडणार आहे.

दुसरा वायू आयसोप्रीन. वनस्पती तो सोडतात हे १९५७ च्या सुमारास जॉर्जियातील सानाद्झे या शास्त्रज्ञाने दाखविले. ओक, पॉप्लर, निलगिरी, तसेच वड-पिंपळाच्या कुळातील अनेक झाडे आयसोप्रीन सोडतात. उजेड नसेल तर तो जवळपास थांबतो. तापमान वाढू लागले की तोही झपाट्याने वाढतो आणि साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तो सर्वांत जास्त असतो. कडक उन्हात पानाचे रक्षण करण्याचे काम हा वायू करीत असावा, असे १९९५ पासूनच्या संशोधनातून पुढे आले आहे. साऱ्या जगातील झाडाझुडपांतून वर्षाला अंदाजे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत जाते. आकडा लहान नाही.

या आकड्याने एकदा मोठी गंमत केली. १९८० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी असा मुद्दा मांडला की, हवेतील प्रदूषणाचा मोठा वाटा झाडाझुडपांमधून येतो. त्यावर कॅलिफोर्नियातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आवारातील झाडावर पाटी लावली. मी आणखी कुणाचा जीव घेण्याआधी मला तोडून टाका, अशी ती झाडाची विनंती होती! विनोद चांगला होता. परंतु विनोदाने शास्त्रीय प्रश्न सुटत नाही. झाडे असे वायू सोडतात ही गोष्ट खरीच होती.

मग चूक कुठे होती? आयसोप्रीनपासून जमिनीलगतच्या हवेत अपायकारक ओझोन तयार व्हायचा, तर सूर्यप्रकाशाबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडे लागतात. शहरात ती मुख्यतः मोटारींच्या धुरातून आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून येतात. १९८८ साली अमेरिकेतील अटलांटा शहराविषयी जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, झाडांचे वायू हिशेबात धरलेच पाहिजेत. दुसरी, ते धरल्यावर उपाय सापडतो तो झाडे तोडण्याचा नव्हे, तर नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्याचा. जंगलातल्या स्वच्छ हवेत जे झाड निरुपद्रवी असते, तेच रहदारीच्या चौकात ओझोन तयार होण्यास हातभार लावते. झाड बदललेले नसते, त्याच्या भोवतालची हवा बदललेली असते.

भाताच्या खाचरात काय घडते

आता आपण मुख्य उदाहरणाकडे वळू. ते आहे भाताचे आणि मिथेनचे. मिथेन हा तापमानवाढ करणारा वायू आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक टन मिथेन सुमारे २७ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवितो. गुराढोरांच्या पोटातून, दलदलीतून, कोळशाच्या व तेलाच्या खाणींतून, कचऱ्याच्या ढिगातून तो येतो. आणि भातशेतीतूनही येतो.

कोकणात ज्याला खाचर म्हणतात आणि भंडारा-गोंदियाकडे ज्याला बांधी म्हणतात, ते भाताचे शेत डोळ्यांपुढे आणा. चिखलणी झाली आहे, लावणी झाली आहे, बोटभर पाणी साचले आहे. पाण्याखालच्या मातीत हवा शिरू शकत नाही. मातीत होता तेवढा प्राणवायू जिवाणू थोड्याच काळात संपवून टाकतात. तो संपल्यावर ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीज व लोह यांची ऑक्साइडे, मग सल्फेट. हे सारे संपत आले म्हणजे शेवटी मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांची पाळी येते. कुजणारा पालापाचोळा, धसकटे, शेणखत आणि मुळांतून झिरपणारे द्रव्य हे त्यांचे खाद्य.

म्हणजे मिथेन भाताचे रोप तयार करीत नाही, तो चिखलात तयार होतो. मग रोपाचा संबंध काय? रोप त्याला वाट करून देते. पाण्यात उभ्या राहणाऱ्या भाताच्या मुळांना श्वास घेता यावा म्हणून पानापासून मुळापर्यंत पोकळ नळ्यांचे जाळे असते. त्यातून वरची हवा खाली जाते. पाण्यातून वायूंचा संचार हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद असतो. त्यामुळे बुडालेल्या मुळाने तयार केलेले इथिलीन बाहेर न पडता तिथेच साचते, आणि त्याच्याच इशाऱ्याने या पोकळ्या आणखी वाढतात. आढीतला आंबा पिकविणारा वायू इथे मुळाला श्वासाची वाट करून देतो. निसर्गाची ही काटकसर पाहण्यासारखी आहे.

पण ज्या वाटेने प्राणवायू खाली जातो, त्याच वाटेने मिथेन वर येतो. खाचरातून मिथेन तीन रस्त्यांनी बाहेर पडतो : पाण्यातून हळूहळू झिरपत, बुडबुड्यांच्या रूपाने आणि रोपातून. यांपैकी रोपाचा रस्ता सर्वांत मोठा. भर हंगामात ९० टक्क्यांपर्यंत मिथेन रोपातून जातो. जपानी संशोधकांनी १९९० साली दाखविले की, तो मुख्यतः पानांच्या श्वसनरंध्रांतून न जाता खोडाला वेढणाऱ्या पर्णावरणावरील अतिसूक्ष्म छिद्रांतून जातो. रोप म्हणजे या चिखलाचे धुराडे आहे, असे म्हटले तरी चालेल. पण धुराड्यातून धूर किती निघणार हे खालच्या चुलीवर अवलंबून असते.

प्रमाण कोण ठरविते

तेव्हा चूल कशी पेटते ते पाहू.

पहिली गोष्ट पाणी. शेतात सतत पाणी उभे असेल तर मिथेन सर्वांत जास्त. हंगामात एकदा पाणी काढून माती उघडी पडू दिली, तर तेवढ्या हवेने मिथेन तयार करणाऱ्या जिवांचे काम थांबते आणि दुसरे जिवाणू तयार मिथेन खाऊनही टाकतात. हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीने २००६ साली दिलेल्या मार्गदर्शक कोष्टकात, सतत पाणी असलेल्या शेताचे प्रमाण १ धरले, तर एकदा पाणी काढलेल्या शेताचे ०.६०, अनेकदा पाणी काढलेल्याचे ०.५२, आणि नियमित पाऊस असलेल्या पावसावरच्या भाताचे ०.२८ धरलेले आहे. पाणी उभेच न राहणाऱ्या उंच उतारावरच्या भाताचे प्रमाण शून्य. आपल्याकडील वरकस जमिनीवरचे, पाणी न धरणारे भात या शेवटच्या प्रकारातले. तेच पीक, तेच नाव. पण एकापासून शून्यापर्यंतचा फरक फक्त पाण्याने पडतो.

दुसरी गोष्ट माती. हलकी, निचऱ्याची माती असेल तर झिरपणाऱ्या पाण्याबरोबर प्राणवायू खाली जातो आणि मिथेन कमी होतो. मातीत लोह भरपूर असेल तर जिवाणूंना ते आधी वापरावे लागते आणि मिथेनची पाळी उशिरा येते. सल्फेट असलेली खते घातली तर सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेनवाल्यांचे खाद्य पळवितात.

तिसरी गोष्ट मातीत घातलेले सेंद्रिय द्रव्य. ताजा पेंढा गाडून लगेच पाणी भरले तर मिथेन खूप वाढतो. तोच पेंढा आधी कुजवून कंपोस्ट करून घातला तर वाढ बरीच कमी असते.

चौथी गोष्ट तापमान. साधारण ३० ते ३७ अंशांना हे सूक्ष्म जीव जोमाने काम करतात. म्हणून एकाच शेतात पहाटे मिथेन कमी निघतो आणि दुपारनंतर जास्त निघतो. जो फक्त दुपारी मोजेल त्याचा आकडा मोठा येईल आणि जो फक्त सकाळी मोजेल त्याचा लहान. दोघेही प्रामाणिक असतील, पण दोघांचेही उत्तर अपुरे.

पाचवी गोष्ट रोपाची स्वतःची स्थिती. वाण कोणता, फुटवे किती, मुळांतून द्रव्य किती झिरपते, यावरही प्रमाण अवलंबून असते. फिलिपाइन्समध्ये केलेल्या प्रयोगांवरून २००२ साली एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध झाली. लोंबीत दाणे नीट भरले नाहीत, तर रोपाने तयार केलेले अन्न दाण्यात न जाता मुळावाटे मातीत उतरते आणि मिथेन वाढतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याचे पीक चांगले भरते, त्याच्या शेतातून मिथेनही कमी जाण्याची शक्यता असते. शेतकऱ्याचे हित आणि हवेचे हित इथे एका दिशेला आहेत. याउलट, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की रोपे जोमाने वाढून मुळांवाटे जास्त खाद्य मातीत सोडतात आणि मिथेन वाढतो, असे २०११ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले. कारखान्यांचा धूर अशा रीतीने खाचरापर्यंत पोहोचतो.

एका आकड्याची गोष्ट

आता त्या आरोपाकडे येऊ. १९९० च्या सुमारास हवामानबदलाचा आंतरराष्ट्रीय करार करण्याची तयारी चालली होती. तो करार पुढे १९९२ साली रिओ येथे झाला. कोणत्या देशाने किती वायू सोडला याचे हिशेब त्या काळात मांडले जात होते, कारण जबाबदारी कुणाची हे त्यावर ठरणार होते. त्या वेळी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक अंदाज पुढे आला : भारतातील भातशेतीतून वर्षाला ३७८ लाख टन मिथेन बाहेर पडतो.

हा आकडा आला कसा? भारतातील शेतांत मोजून आलेला तो नव्हता. युरोप-अमेरिकेतील शेतांत जे मोजले गेले होते, त्याला भारतातील भाताच्या क्षेत्राने गुणले होते. विद्यार्थी मित्रांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. त्या काळी भारतात भाताखाली सुमारे ४२० लाख हेक्टर जमीन होती. ३७८ लाख टनांना ४२० लाख हेक्टरांनी भागले की हेक्टरी ९०० किलो मिथेन येतो. उताऱ्यावरचे वरकस भात असो की धरणाखालचे असो, प्रत्येक हेक्टरला ९०० किलो! आपल्याकडे त्या वेळी निम्म्याहून अधिक भात केवळ पावसाच्या पाण्यावर होता. आपल्या मातीत सेंद्रिय द्रव्य कमी. आपला पेंढा बहुतेक गुरांच्या दावणीला जातो, तो ताजा शेतात गाडला जात नाही. आपण आत्ताच पाहिलेल्या पाच गोष्टींपैकी तीन गोष्टी तरी या आकड्याच्या विरुद्ध साक्ष देत होत्या.

पण नुसती शंका उपयोगाची नसते. शंकेला मोजमापाची जोड द्यावी लागते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली देशभरातील वेगवेगळ्या भातक्षेत्रांत मिथेन मोजण्याची मोहीम काढण्यात आली. पद्धत समजायला सोपी आहे. भाताच्या चुडावर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची. ठराविक मिनिटांच्या अंतराने सिरिंजने पेटीतील हवेचे नमुने घ्यायचे. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर त्यातील मिथेन मोजायचा. पेटीत मिथेन किती वेगाने वाढला त्यावरून शेतातून तो किती निघतो हे कळते. पद्धत सोपी असली तरी चिखलात उभे राहून हंगामभर, निरनिराळ्या मातीत व निरनिराळ्या पाण्यात ते करणे ही कष्टाची गोष्ट आहे.

त्या मोहिमेतून आलेला अंदाज होता वर्षाला सुमारे ४० लाख टन. म्हणजे हेक्टरी ९०० किलोच्या जागी सरासरी ९५ किलो. आरोप जवळजवळ नऊ पटींनी फुगविलेला होता. पुढे १९९४ या वर्षासाठी भारताने संयुक्त राष्ट्रांना जो अहवाल सादर केला त्यात हा आकडा सुमारे ४१ लाख टन होता, आणि २००७ सालासाठीच्या राष्ट्रीय हिशेबात तो सुमारे ३३ लाख टन आहे. साऱ्या जगातील भातशेतीचा अंदाजही असाच खाली आला. १९९० साली तो ११ कोटी टन मानला जात होता; आजचा अंदाज ३ कोटी टनांच्या आसपास आहे.

त्याच १९९१ साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी आणखी एक प्रश्न विचारला. पोट भरण्यासाठी भात लावणाऱ्या शेतकऱ्याच्या खाचरातला वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तराजूत तोलायचे काय? जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन यांत भेद केला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो आजही सुटलेला नाही. २०२१ साली ग्लासगो येथे मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याची जी जागतिक प्रतिज्ञा झाली, तिच्यात भारत सामील झाला नाही. आपला बराचसा मिथेन लहान शेतकऱ्यांच्या गुरांशी व भाताशी निगडित आहे, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते.

असा फुगलेला आकडा फक्त आपल्याच वाट्याला आला असे नाही. जानेवारी २००६ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला की, हवेत वाढणाऱ्या साध्या वनस्पतीही स्वतः मिथेन तयार करतात आणि जगातील मिथेनचा १० ते ३० टक्के वाटा त्यांचा असू शकेल. वर्तमानपत्रांनी जंगलांनाच आरोपी केले. प्रयोगशाळेतल्या काही पानांवरील मोजमाप साऱ्या पृथ्वीच्या हिरवाईने गुणलेले होते. दुसऱ्याच वर्षी वेगळ्या पद्धतीने केलेल्या काटेकोर प्रयोगात असा मिथेन उल्लेखनीय प्रमाणात आढळला नाही. पुढे असे दिसले की, अतिनील किरणे पडल्यावर पानातील पेक्टिनपासून थोडा मिथेन तयार होऊ शकतो, पण तो आधी सांगितला होता त्यापेक्षा फारच थोडा. पुन्हा तेच : अंदाज गुणाकाराने वाढतो, सत्य मात्र मोजणीनेच कळते.

निर्दोष सुटका नव्हे

मित्रहो, इथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. आरोप नऊ पटींनी खोटा ठरला म्हणून आपली निर्दोष सुटका झाली, असे मानू नये. चाळीस लाख टन म्हणजे शून्य नव्हे. दुसऱ्याने आकडा फुगविला तर तो तपासायचा आणि आपल्या सोयीचा निघाला की तपासणे थांबवायचे, ही शास्त्राची रीत नाही.

उपायही उपलब्ध आहेत. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पाळीपाळीने ओल व कोरडेपणा देण्याची पद्धत प्रसृत केली आहे. शेतात भोके पाडलेली एक नळी पुरायची. तिच्यातले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या काळात मात्र शेतात पाणी राखायचे. नीट केले तर उत्पन्न न घटता पाणी वाचते आणि मिथेनही कमी होतो. पेंढा ताजा न गाडता कुजवून घालणे हा दुसरा मार्ग.

पण यातही परिस्थिती विसरून चालणार नाही. शेत कोरडे पडते तेव्हा नत्रयुक्त खतापासून नायट्रस ऑक्साइड हा वायू निघतो आणि तो टनाटनाच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापदायक आहे. म्हणून खताची मात्रा व वेळ सांभाळली नाही तर एका दाराने गेलेला चोर दुसऱ्या दाराने आत येतो.

आणि सर्वांत मोठा प्रश्न हा की, पाणी कुणाच्या हातात आहे? पाणी केव्हा काढायचे व केव्हा भरायचे हे ठरविण्याचा अधिकार असेल त्याला ही पद्धत सोपी. कोकणात आषाढात धो धो पाऊस पडत असताना खालच्या खाचरातून पाणी काढायचे कुठे? पूर्व विदर्भात मामा तलावाच्या पाण्यावर, कालव्याच्या अगदी शेवटी ज्याची बांधी आहे, त्याला पाण्याची पाळी पुन्हा मिळेल याची खात्री कोण देणार? ज्याला पुढच्या पाण्याची खात्री नाही तो हातचे पाणी सोडणार नाही आणि त्याने ते सोडावे असे कुणी सांगूही नये. भोवतालची परिस्थिती म्हणताना आपण ऊन, पाणी, माती एवढेच मोजतो. बांधावरच्या माणसाची परिस्थितीही त्यात धरली पाहिजे. ती सुधारल्याशिवाय चिखलातला जिवाणू आपले ऐकणार नाही.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

शेवटी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. आपल्यापैकी बरेच जण भात पिकविणाऱ्या गावांतून आलेले आहेत. चिखलात उभे राहणे तुम्हाला नवे नाही. तेव्हा त्या चिखलाचे शास्त्र शिकण्यात तुम्ही मागे राहू नये. त्यासाठी रसायनशास्त्र लागते, सूक्ष्मजीवशास्त्र लागते, संख्याशास्त्र लागते. आणि शेत कुठे निचऱ्याचे आहे, कुठे पाणी तुंबते, हे ओळखण्याची नजरही लागते. ती नजर तुमच्यापाशी आधीच आहे. तिला शिक्षणाची जोड द्या. ज्यांच्याविषयी आकडे लिहिले जातात त्यांच्याच घरांतून आकडे मोजणारे निघाले, तर असे आरोप मुकाट्याने ऐकून घेण्याची पाळी येणार नाही.

दुसरी गोष्ट सोपी आहे आणि ती वयाने लहान विद्यार्थ्यांनाही करता येईल. कुणी तुम्हाला एखाद्या झाडाविषयी, पिकाविषयी किंवा माणसांच्या समूहाविषयी ठाम आकडा सांगितला, तर तीन प्रश्न विचारावेत. हे कुठे मोजले? केव्हा मोजले? कोणत्या परिस्थितीत मोजले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर आकडा वहीत लिहून घ्यावा. नाही मिळाली, तर मान देऊन ऐकावा, पण मान्य करू नये.